उचकी एक, वैद्य अनेक

जेवताना कुणाला उचकी लागली की पंगतीतला प्रत्येक जण वैद्य होतो. एक म्हणतो पाणी पी, दुसरा म्हणतो श्वास कोंडून धर. आजी साखरेचा डबा पुढे करते. मामा मागून येऊन 'भॉक' करतो. मग नावं सुरू होतात : 'पुण्याची आत्या आठवण काढत असेल. नाही? मग सुरतेचा दादा?' ज्या नावाला उचकी थांबेल त्या माणसाला पुढच्या फोनवर तसं कळवलंही जातं. उचकी लहान मुलाला लागली असेल तर डोळे वटारून विचारायचं, 'काय चोरून खाल्लंस?' मूल दचकतं, रडकुंडीला येतं आणि उचकी विसरतं.

यातले बरेच उपाय ऐकायला वेडगळ आहेत. तरी त्यांतले काही खरोखर लागू पडतात आणि का लागू पडतात हे शोधायला गेलं की माणूस थेट मानेच्या मणक्यांपासून बेडकाच्या पिल्लांपर्यंत जाऊन पोचतो.

आधी एक उचकी जवळून पाहू. छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार, पातळ स्नायू असतो. एरवी तो सावकाश खाली सरकतो, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. तो सैल पडला की हवा बाहेर जाते. दिवसाकाठी वीसेक हजार वेळा हे बिनबोभाट चालतं. उचकीत मात्र हा स्नायू एकदम झटका देऊन आकसतो, बरगड्यांमधले स्नायूही त्याला साथ देतात आणि हवा जोरात आत घुसू लागते. मग जेमतेम 35 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाचे तीस भाग केले तर त्यातल्या एका भागात, घशातल्या स्वरतंतूंमधली फट वाऱ्याने दार आपटावं तशी बंद होते. 'हिक्' हा आवाज त्या आपटण्याचा.

जरा विचार करा, किती विचित्र व्यवहार आहे हा! सगळा जोर लावून हवा आत ओढायची आणि ती पुरती आत येण्याच्या आत आपणच तिची वाट अडवायची. उचकीच्या बहुतेक झटक्यांत फुप्फुसांत फारशी हवा जातच नाही. जॉन न्यूसम-डेव्हिस या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञाने 1970 मध्ये उचकीची बारकाईने मोजमापं घेतली, तेव्हा या फटीचं महत्त्व स्पष्ट झालं. गळ्याला छेद देऊन ज्यांच्या श्वासनलिकेत नळी बसवलेली असते, त्यांची हवा स्वरतंतूंना वळसा घालून जाते. अशा माणसाला उचकी लागली तर प्रत्येक झटक्याला हवा खरोखरच आत शिरते आणि श्वासोच्छ्वास भलताच वाढून बसतो. तुमच्याआमच्या बाबतीत ती फट बंद होते म्हणून उचकी नुसतीच त्रासदायक राहते.

हा झटका येतो कुठून? श्वासपटलाला हुकूम देणारा मज्जातंतू निघतो तो मानेतून. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मानेच्या मणक्यांच्या आसपास उगम पावून तो हृदयाच्या आवरणाला लगटून छातीभर खाली उतरतो. इतका लांबचा फेरा कशासाठी? कारण गर्भात श्वासपटलाची घडण मानेजवळ सुरू होते. शरीर वाढतं तसं ते खाली सरकत जातं आणि आपला मज्जातंतू सोबत ओढत नेतं. दुसरा मज्जातंतू व्हेगस. तो मेंदूच्या तळाशी निघतो आणि घसा, स्वरयंत्र, हृदय, जठर असं करत आतड्यांपर्यंत पोचतो. त्याची एक बारीक फांदी कानातही गेलेली आहे. त्यामुळे कानाच्या पडद्याला केस टोचत राहिल्याने उचकी लागून राहिली, अशाही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत सापडतात. या दोन तारांवर कुठेही टिचकी बसली की मेंदूच्या तळाशी असलेलं उचकीचं मंडळ जागं होऊ शकतं.

घाईघाईने घशाखाली ढकललेली भाकरी, सोड्याची बाटली, झणझणीत ठेचा, कढत चहावर लगेच गार पाणी, दारू, पोट धरून हसणं ही उचकीची नेहमीची कारणं याच दोन तारांवर येऊन पडतात. तट्ट फुगलेलं जठर व्हेगसला ताणतं आणि वर श्वासपटलालाही रेटतं.

आता आजीचे उपाय पुन्हा पाहा. श्वास कोंडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो वाढला की उचक्या विरळ होतात. गार पाणी, चिमूटभर आंबट, जिभेच्या मुळाशी ठेवलेली साखर ही सगळी घशातल्या मज्जातंतूंना दुसरं काम लावतात. साखरेला तर चक्क कागदोपत्री आधार आहे. 1971 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात एंगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की, उचकीच्या 20 रुग्णांना एक चमचा कोरडी साखर गिळायला दिली आणि त्यांतल्या 19 जणांची उचकी लगेच थांबली. साखर कोरडीच हवी. दाणेदार साखर घशाच्या मागच्या भिंतीला खरखरीत लागते, उपाय त्या खरखरीत आहे. पाण्यात विरघळवून दिली तर नुसतं सरबत होतं.

पेल्याच्या पलीकडच्या काठाने पाणी पिण्याचा उपाय मला सगळ्यांत हुशारीचा वाटतो. करून पाहिलात तर लक्षात येईल : कमरेत वाकावं लागतं, हनुवटी पेल्यात जाते, वरचा ओठ पुढे काढावा लागतो आणि पाणी नाकात जाऊ नये म्हणून माणूस जीव एकवटून घोट ओढतो. दर घोटाला श्वास आपोआप थांबतो. ओढण्याने श्वासपटल कामाला लागतं, गिळण्याने व्हेगस. म्हणजे उचकीच्या दोन्ही तारा एकाच वेळी दुसरीकडे गुंतल्या. अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या डॉक्टरांनी एक ताठ नळी बनवली, तिच्या तळाची झडप मुद्दाम अरुंद ठेवली आणि तिच्यातून पाणी जोर लावून ओढायला सांगितलं. 2021 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात 249 जणांनी ती वापरून पाहिली आणि दहापैकी नऊ वेळा उचकी थांबल्याचं कळवलं. ती नळी आता विकत मिळते. पेला घरात फुकट आहे.

दचकवण्याचा उपाय मामाने शोधला असं मात्र समजू नका. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात हिक्केवर, म्हणजे उचकीवर, एक अख्खा अध्याय आहे आणि त्यात प्राणायाम, घाबरवणं, दचकवणं, इतकंच काय, सुईने टोचणंही सांगितलेलं आहे. चरकाने हिक्का आणि दमा एकाच अध्यायात घेतले, हिक्केचे पाच प्रकार केले आणि घाईने, अति खाण्यापिण्याने होणारीला 'अन्नजा' असं नाव दिलं. आपल्याला जेवताना लागते ती हीच. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये नाटककार ॲरिस्टोफनीसला ऐन भाषणाच्या पाळीला उचकी लागते. शेजारी बसलेला वैद्य त्याला सांगतो : श्वास रोखून धर, नाही थांबली तर पाण्याने गुळण्या कर, तरीही नाही थांबली तर नाकात काहीतरी घालून शिंक काढ. शेवटी शिंकेने काम होतं. अथेन्समधली ती मेजवानी आणि आपली पंगत यांत दोन हजारांहून जास्त वर्षं गेली, औषधाच्या यादीत फारसा फरक पडला नाही.

आठवण काढण्याची समजूतही आपली एकट्याची नव्हे. रशियात उचकी लागली की तिथलेही लोक म्हणतात, कोणीतरी आठवण काढतंय.

एक गोष्ट मात्र या सगळ्या वैद्यांना मान्य करावी लागेल. साधी उचकी काही मिनिटांत आपसूकच जाते. त्यामुळे शेवटचा उपाय कोणताही असो, श्रेय त्यालाच मिळतं. आधी पाणी, मग साखर, मग दचकवणं आणि नंतर सुरतेचा दादा या क्रमाने गेलात तर दादाचं नाव नेहमीच रामबाण ठरणार. साखरेच्या त्या वीस रुग्णांतही तुलनेसाठी साखर न दिलेला गट नव्हता. शिवाय हट्टी उचकीवर डॉक्टरांचेही प्रयोग काही कमी नाहीत. तीन दिवस न थांबलेली एका रुग्णाची उचकी गुदद्वारात बोट घालून मालिश केल्यावर थांबली, असं फ्रान्सिस फेसमायर या अमेरिकी डॉक्टरने 1988 मध्ये रीतसर छापलं. 2006 साली त्याबद्दल त्यांना इग्नोबेल पारितोषिक मिळालं. पंगतीत कुणी हा उपाय सुचवू नये.

आता सर्वांत अवघड प्रश्न. हा उपद्व्याप शरीराने मुळात ठेवलाच कशाला? खोकल्याने घसा साफ होतो, शिंकेने नाक, उलटीने पोट. उचकीने काय साधतं? मोठ्या माणसाला तरी काहीच नाही. पण गर्भात ती नवव्या आठवड्याच्या सुमारासच दिसू लागते, म्हणजे श्वास घेण्याच्या सरावाच्याही आधी. मुदतीआधी जन्मलेली बाळं दिवसातली जवळपास पंधरा मिनिटं उचक्या देण्यात घालवतात.

पॅरिसच्या क्रिस्तियान स्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक भन्नाट तर्क मांडला. बेडकाच्या पिल्लाला कल्ले असतात आणि फुप्फुसंही. कल्ल्यांवरून पाणी ढकलताना ते तोंडात पाणी ओढतं आणि त्याच क्षणी फुप्फुसांची वाट बंद करतं, म्हणजे पाणी आत जाणार नाही. आत ओढा आणि लगेच घसा मिटा, हुबेहूब उचकी! योगायोग एवढ्यावर थांबत नाही. पिल्लाची ही क्रिया कार्बन डायऑक्साइड वाढला, फुप्फुसं फुगली किंवा बॅक्लोफेनच्या जातीचं औषध दिलं की मंदावते. आपली उचकीही श्वास कोंडल्याने मंदावते, खोल श्वासाने मंदावते आणि न थांबणाऱ्या उचकीवर डॉक्टर बॅक्लोफेनही देतात. म्हणजे कदाचित पाण्यातून जमिनीवर आलेल्या पूर्वजांची एक जुनी जोडणी आपल्या मेंदूच्या तळाशी अजून तशीच पडून आहे. हे सिद्ध झालेलं नाही. 2012 मध्ये कॅनडाच्या डॅनिएल हाऊज यांनी दुसरं उत्तर दिलं : दूध पिणाऱ्या बाळाच्या जठरात हवेचा बुडबुडा अडकतो, उचकीच्या झटक्याने तो वर ओढला जातो, ढेकर येतो आणि दुधाला जागा होते. उचकी सस्तन प्राण्यांनाच लागते, याकडे त्यांनी बोट दाखवलं. मला मन ओढतं बेडकाकडे, पण बुद्धीला बाळाचा ढेकर जास्त पटतो.

2019 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 13 नवजात बाळांच्या डोक्यावर विद्युतलहरी मोजणाऱ्या तारा चिकटवल्या. प्रत्येक उचकीबरोबर मेंदूत लहरी उठताना दिसल्या आणि त्यांतली एक लहर आवाज ऐकल्यावर उठते तशी होती. संशोधकांचा अंदाज असा की, बाळ 'हिक्' हा आवाज आणि छातीतला झटका यांची सांगड घालत असावं, स्वतःच्या श्वासाच्या स्नायूंशी ओळख करून घेत असावं. आपल्याकडे बाळाला उचकी लागली की जुन्या बायका टाळूवर ओला दोरा चिकटवतात आणि म्हणतात, 'लागू दे, बाळाची आतडी वाढतायत.' आतड्यांचं माहीत नाही, पण वाढीचा संबंध आहे हा त्यांचा अंदाज अगदीच हवेत नव्हता.

एखाद्याची उचकी मात्र जाता जात नाही. अमेरिकेच्या आयोवातल्या चार्ल्स ऑस्बोर्न या शेतकऱ्याला 1922 मध्ये डुकराचं वजन करताना उचकी लागली. सुरुवातीला मिनिटाला चाळीस, नंतरच्या वर्षांत वीस. त्याने दोन लग्नं केली, आठ मुलं वाढवली आणि उचक्या देतच म्हातारा झाला. 1990 च्या फेब्रुवारीत, 68 वर्षांनी, ती आपोआप थांबली. पुढच्या वर्षी तो गेला. गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

उपाय करताना दोनतीन पथ्यं पाळा. बंद पापण्यांवरून बुबुळं दाबण्याचा जुना उपाय अजून कुठे कुठे सांगितला जातो, तो करू नका. त्याने हृदयाचे ठोके एकाएकी मंदावू शकतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उचकीसाठी पाणी किंवा साखर देऊ नका आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच चाटवू नका. बाळाला उभं खांद्यावर घ्या, पाठीवरून हात फिरवा, ढेकर येऊ द्या. मधुमेह असणाऱ्याने साखरेऐवजी पेल्याचा उपाय करावा.

आणि उचकी 48 तासांनंतरही सुरूच असेल तर आठवण कोण काढतंय याचा शोध थांबवून डॉक्टरांकडे जा. न थांबणाऱ्या उचकीमागे मूत्रपिंडाचा विकार, रक्तातलं सोडियम घटणं, एखादं चालू औषध किंवा मेंदूच्या तळाला आलेला पक्षाघाताचा झटका असू शकतो. उचकीबरोबर तोल जात असेल, बोबडी वळत असेल, घास गिळता येत नसेल किंवा छातीत दुखत असेल, तर 48 तासांची वाट पाहू नका, त्याच घडीला दवाखाना गाठा.