हेझेल स्कॉट : कला आणि अटी

कलावंताने आपली कला सांभाळावी, इतर भानगडींत पडू नये, असा उपदेश पुष्कळदा कानांवर येतो. उपदेश करणारा बहुधा कलावंताला पैसे देणारा असतो, हा आमचा अनुभव. अमेरिकेतील जाझ गायिका आणि पियानोवादक हेझेल स्कॉट यांनी हा उपदेश मानला नाही. त्यापायी त्यांनी काय गमावले, हे कळण्यासाठी आधी त्यांची कला समजून घेतली पाहिजे.

हेझेलबाईंचा जन्म १९२० साली त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन येथे झाला. चौथ्या वर्षी त्या न्यूयॉर्कला आल्या. आई स्वतः पियानोवादक. पुढे ती सॅक्सोफोनही शिकली. आठव्या वर्षी आईने मुलीला ज्युलिअर्ड या नामांकित संगीतशाळेत नेले. तेथे प्रवेशाचे वय सोळा! मुलीने राखमानिनॉव्ह या रशियन रचनाकाराची एक रचना वाजविली. तीत एकाच हाताने षड्ज आणि वरचा षड्ज एकदम दाबावे लागत. चिमुकला पंजा तेवढा पोचेना. तेव्हा तिने वरच्या षड्जाऐवजी धैवताच्या अंतरावरचा जवळचा स्वर घेतला आणि रचना पुरी केली. ही मुलगी कानाने वाट काढते, हे ऑस्कर वॅग्नर या प्राध्यापकांनी ओळखले आणि तिला स्वतः शिकविण्याचे पत्करले.

१९३९ पासून बाईंचे नाव झाले ते न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी' या नाइट क्लबात. बार्नी जोसेफसन यांनी आदल्या वर्षी काढलेल्या या जागेत कृष्णवर्णीय आणि गोरे शेजारीशेजारी बसून ऐकत. त्या काळी न्यूयॉर्कातही ही गोष्ट दुर्मिळ होती. तेथे बाई बाख, शोपँ, लिस्ट यांच्या रचना घेत. आरंभ अगदी पुस्तकाबरहुकूम. मग हळूच डावा हात 'बूगी-वूगी' धरी.

बूगी-वूगी म्हणजे काय? डावा हात खर्जात एक लहानसा स्वरसमूह अखंड फिरवीत राहतो, बहुधा मात्रेला दोन सूर. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड झाले की आवर्तन पुरे. ठरलेल्या जागी तो समूह दुसऱ्या स्वरावर सरकतो आणि पुन्हा मूळ स्वरावर येतो. आपल्याकडे स्वतंत्र तबलावादनाला पेटीवर नगमा धरतात, तसेच हे काम. फरक एवढाच की नगमा धरणारा आणि त्यावर खेळणारा माणूस येथे एकच. उजवा हात मात्रेच्या किंचित आधी, किंचित मागून, मनास येईल तसा विहार करतो. पण डावा हात ढळला, तर उजव्याचे स्वातंत्र्य म्हणजे नुसता गोंधळ.

गाताना मात्र बाईंना घाई नसे. आवाज मऊ, समोर बसलेल्याशी बोलावे तसा; पियानो दोन ओळींमधली मोकळी जागा तेवढी भरून काढी.

आता अटींकडे वळू. श्रोत्यांना वर्णावरून वेगळे बसविले तर आपण वाजविणार नाही, ही त्यांची अट असे. १९४८ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे तसे बसविलेले दिसताच त्या कार्यक्रम न करता परतल्या. चित्रपटांत मोलकरणीची भूमिका करणार नाही, हीही अट होती. १९४३ साली 'द हीट्स ऑन' या चित्रपटात युद्धावर निघालेल्या सैनिकांना कृष्णवर्णीय स्त्रिया निरोप देतात, असा प्रसंग होता. त्या स्त्रियांना मळके एप्रन बांधायला दिले होते. नवऱ्याला युद्धावर धाडताना कोणती बाई अशी येईल, असा हेझेलबाईंचा आक्षेप. त्यांनी काम थांबविले. तीन दिवस चित्रीकरण अडले. अखेर एप्रन गेले.

संप आम्ही पुष्कळ पाहिले, काही केलेही. बहुतेक पगारासाठी, बोनससाठी, तेही न्याय्यच. पण येथे एप्रन बाईंच्या स्वतःच्या अंगावर नव्हता. ज्यांना तोंड उघडले तर उद्या काम मिळाले नसते, त्यांच्या अंगावर तो होता. ज्याचे नाव मोठे, त्याने ते अशा वेळी पणाला लावायचे असते. १९४५ नंतर हॉलिवूडचे दार त्यांना जवळजवळ बंद झाले.

१९५० च्या जुलैत दूरचित्रवाणीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीला हा मान प्रथमच मिळत होता. पण त्याच सुमारास 'रेड चॅनेल्स' या पुस्तिकेत साम्यवादाचा संशय घेतलेल्या १५१ नावांत त्यांचेही नाव छापले गेले. बाई आपण होऊन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे गेल्या, आरोप नाकारला, आणि अशा याद्यांनी कलावंतांची पोटे मारली जातात, हेही तेथे मांडले. आठवड्यातच कार्यक्रम बंद झाला.

पुढे त्या पॅरिसला जाऊन राहिल्या, १९६७ साली परतल्या आणि १९८१ साली न्यूयॉर्कात वारल्या. १९५५ साली चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांच्या साथीने निघालेली त्यांची 'रिलॅक्स्ड पियानो मूड्स' ही तबकडी आजही ऐकावयास मिळते. वाचकांनी ती जरूर ऐकावी. काम हिरावले गेल्यानंतरचे हे वादन आहे. हात कोठेही कापलेला नाही.