संगणकाचे सुटे भाग : मूळ कंपनीकडून कीं बाजारांतून ?

चार-पांच वर्षें वापरलेला लॅपटॉप मंद चालूं लागला, त्याची बॅटरी तासाभरांत मान टाकूं लागली, म्हणजे आपल्या घरांतून एक ठराविक वाद सुरू होतो. मुलाचें म्हणणें, नवाच घ्यावा. आईला वाटतें, कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून बिघडलेला भाग तेवढा बदलून आणावा. आणि वडील ‘बाजारांतला माल नको, कंपनीकडूनच मागवा’ असा निकाल देऊन पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालतात. तिघांपैकीं बरोबर कोण, हें बिघडलेला भाग कोणता यावर अवलंबून असतें. तीच गोष्ट आज जरा फोड करून सांगावी म्हणतों.

प्रथम ‘कंपनी’ म्हणजे कोण तें पाहूं. लॅपटॉपच्या झांकणावर ज्या कंपनीचें नांव असतें, तिच्याच कारखान्यांत आंतील सर्व वस्तु तयार होतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. डेल, एच.पी., लेनोवो या कंपन्या यंत्राची आखणी करतात, त्याची जुळणी करतात किंवा करवून घेतात, आणि त्यावर आपली हमी देतात. परंतु आंतील प्रोसेसर बहुधा इंटेलचा किंवा ए.एम.डी.चा असतो, आणि रॅमच्या चिप जगांत मुख्यतः तीनच कारखानदार बनवितात: दक्षिण कोरियांतील सॅमसंग व एस.के. हायनिक्स, आणि अमेरिकेंतील मायक्रॉन. तेव्हां ‘मूळ कंपनीची रॅम’ म्हणून जी पट्टी आपण चढ्या भावानें घेतों, तिच्यावरील चिप बहुधा या तिघांपैकींच एकाच्या असतात. चिठ्ठी मात्र चौथ्याची.

दुसरी गोष्ट मापाची. विजेचा दिवा कोणत्याही कंपनीचा आणा, तो घरांतल्या होल्डरमध्यें बसतो. कारण त्याच्या टोपीचें माप सर्वांनीं मान्य केलेलें आहे. कुकरच्या रबरी रिंगचें तसें नाहीं. हॉकिन्सची रिंग प्रेस्टिजच्या कुकरला चालत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. संगणकाचे भागही असेच दोन जातींचे असतात: कांहीं दिव्याच्या जातीचे, कांहीं रिंगच्या.

संगणकाच्या भागांना दिव्याची जात लाभली ती बव्हंशीं १९८१ सालापासून. त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत आय.बी.एम.नें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारांत आणला आणि त्याच्या अंतर्गत रचनेचे नकाशे एका तांत्रिक पुस्तकांत छापून तें प्रसिद्ध केलें. त्यामुळें इतरांना त्याला जोडावयाचे भाग बनवितां येऊं लागले. आणि थोड्याच काळांत अख्खे संगणकही इतर लोक बनवूं लागले, जें आय.बी.एम.ला फारसें रुचलें नसावें! रॅमचीं मापें आतां जेडेक नांवाची उद्योगसंस्था ठरविते. तिच्या नियमांप्रमाणें डी.डी.आर. ३ या पिढीच्या पट्टीस १.५ व्होल्ट, डी.डी.आर. ४ ला १.२ आणि डी.डी.आर. ५ ला १.१ व्होल्ट दाब लागतो. प्रत्येक पिढीच्या पट्टीची खांच निराळ्या जागीं ठेवलेली असते, म्हणजे चुकीची पट्टी बसूंच नये. आपल्या यंत्राला कोणती पिढी लागते, तें एकंदर किती रॅम घेऊं शकतें, आणि आंत एखादी जागा मोकळी आहे काय, एवढें कळलें म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अथवा पुण्याच्या तपकीर गल्लींत भरंवशाच्या दुकानांतून पावतीसह घेतलेली नामांकित पट्टी मूळ कंपनीच्या पट्टीइतकेंच काम देते. एस.एस.डी.चेंही तसेंच, मात्र तिच्यांत एक मेख आहे. एम.२ आकाराच्या दोन पट्ट्या दिसण्यांत जवळजवळ सारख्या, पण एक साटा पद्धतीची व दुसरी एन.व्ही.एम.ई. पद्धतीची असूं शकते, आणि प्रत्येक यंत्र दोन्ही स्वीकारतेंच असें नाहीं.

आतां रॅमच्या खऱ्या कारखानदाराकडूनच ती घ्यावी, असें कोणी म्हणेल. तशी सोय होती. मायक्रॉननें १९९६ सालीं ‘क्रुशल’ या नांवानें सामान्य ग्राहकाला रॅम विकण्यास आरंभ केला. ग्राहकानें आपल्या यंत्राचा नमुना सांगावा आणि कोणती पट्टी बसेल तें कारखानदारानेंच सांगावें, अशी ती सुटसुटीत व्यवस्था होती. परंतु डिसेंबर २०२५ मध्यें मायक्रॉननें जाहीर केलें कीं, फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत माल पाठवून हा व्यवसाय आवरता घेण्यांत येईल. जुन्या मालावरील हमी तेवढी पाळली जाईल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून रॅमला एवढी मागणी आली, कीं तुमच्याआमच्यासारख्या एका पट्टीच्या गिऱ्हाइकासाठीं दुकान मांडून बसण्याचें कारण उरलें नाहीं. कारखानदाराशीं थेट व्यवहार हा त्याच्या सोयीचा असतो, तोंवरच चालतो. पण दिव्याच्या जातीचा भाग असला, म्हणजे एका दुकानाची फळी पडली तरी आपलें अडत नाहीं.

अडतें तें रिंगच्या जातीच्या भागांत. लॅपटॉपची बॅटरी, कीबोर्ड, झांकणाची बिजागरी, पडद्याची वायर, मदरबोर्ड हे भाग त्या-त्या नमुन्यापुरतेच घडविलेले असतात. येथें वडिलांचें म्हणणें खरें. असा भाग मागवितांना ‘अमक्या कंपनीचा काळा लॅपटॉप’ असें सांगून उपयोग नाहीं. यंत्राच्या पाठीवरचा क्रमांक द्यावा लागतो. डेलच्या यंत्रावर सात अक्षर-अंकांची ‘सर्व्हिस टॅग’ असते, एच.पी.च्या संकेतस्थळावर यंत्राचा क्रमांक दिला असतां त्याच्या भागांची यादी मिळते. लेनोवो तर दुरुस्तीचें सचित्र पुस्तकच विनामूल्य देते आणि तिच्या बदलण्याजोग्या भागांवर ‘एफ.आर.यू.’ क्रमांक छापलेला असतो. हा क्रमांक कागदावर उतरवून अधिकृत सेवाकेंद्राकडे गेलें, म्हणजे निम्मा घोटाळा टळतो.

कधीं कधीं दिव्याच्या जातीच्या भागालाही कंपनी मुद्दाम रिंग बनविते. कांहीं जुन्या थिंकपॅड यंत्रांत वायरलेसचें दुसरें कार्ड बसविलें कीं यंत्र सुरू होतांनाच १८०२ क्रमांकाची तक्रार दाखवी आणि पुढें जाण्यास नकार देई. कार्ड मापाचें होतें, चांगलें होतें. कंपनीच्या यादींत नव्हतें एवढाच त्याचा गुन्हा. याला सुरक्षिततेचें नांव कोणी देवो, मला तर ती गिऱ्हाइकाची अडवणूकच वाटते.

बॅटरीविषयीं मात्र काटकसर करूं नये. लिथियमच्या बॅटरींत अधिक विद्युत् भरली जाऊं नये म्हणून तोडणारें एक नियंत्रक मंडल असतें; हलक्या नकलेंत तें कच्चें असलें तर बॅटरी फुगते, प्रसंगीं पेट घेते. आपल्याकडे अशा बॅटरीस आय.एस. १६०४६ या मानकाखालीं भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते, आणि ‘आर’ अक्षरानें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक तिच्यावर छापलेला असतो. तो पाहावा. शिवाय बॅटरी कपाटांत पडूनही म्हातारी होते. म्हणून बनविल्याची तारीख विचारावी, आणि पुढें मिळणार नाहीं या भीतीनें दुसरी घेऊन ठेवूं नये. कीबोर्ड किंवा बिजागरी घेऊन ठेवली तर हरकत नाहीं.

हल्लींच्या पुष्कळ पातळ यंत्रांत रॅम मदरबोर्डावर डाग देऊन पक्की केलेली असते. तेथें पुढें वाढविण्याचा प्रश्नच नाहीं. खरेदीच्या दिवशींच, कंपनी मागेल त्या भावानें, ती घ्यावी लागते. ॲपल अमेरिकेंत आठ गिगाबाइटच्या वाढीस कित्येक वर्षें दोनशे डॉलर आकारीत असे. उलट बाजूस अमेरिकेंतीलच फ्रेमवर्क ही कंपनी २०२१ पासून असा लॅपटॉप विकते, कीं ज्याचा मदरबोर्डसुद्धां तिच्याकडूनच नवा घेऊन घरीं बदलतां येतो. ॲपलनेंही एप्रिल २०२२ पासून अमेरिकेंत ग्राहकांना भाग व हत्यारें देण्यास आरंभ केला. यांत कायद्याच्या बडग्याचाही भाग असावा: कॅलिफोर्नियांत जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानें, शंभर डॉलर वा अधिक किमतीच्या विद्युत्-उपकरणांचे भाग सात वर्षें उपलब्ध ठेवण्याचें बंधन उत्पादकांवर घातलें. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. तेथें कंपन्यांची माहिती एकत्र मिळते, पण माहिती मिळणें आणि भाग मिळणें यांत अंतर आहे.

एक व्यावहारिक सूचना राहिली. हमीच्या मुदतींत कंपनी भाग बदलून देते, तेव्हां जुना भाग ती परत घेते. बॅटरी गेली तर गेली. पण डिस्क असेल तर तिच्यांत घरचीं छायाचित्रें, बँकेचे कागद, मुलांचीं प्रशस्तिपत्रें असतात, आणि बंद पडलेली डिस्क कोरी करून देतां येत नाहीं. डेल, लेनोवो यांसारख्या कंपन्यांकडे बिघडलेली डिस्क आपणांपाशींच ठेवण्याची एक जादा सवलत असते. तिचे पैसे वेगळे पडतात. यंत्र घेतांनाच ती आपल्या नमुन्यास मिळते काय, हें विक्रेत्यास विचारून पावतीवर लिहून घ्यावें.