स्क्रीन येते-जाते तेव्हा

लॅपटॉपची स्क्रीन कायमची बंद पडली तर दोष शोधणं त्या मानाने सोपं. ती येते-जाते तेव्हा खरी पंचाईत, कारण दुकानात नेईपर्यंत ती हमखास नीट चालायला लागलेली असते. मग 'पॅनेल बदलून टाका' असा सल्ला मिळतो. तो लगेच मानू नका. पॅनेलला हजारो रुपये पडतात, आणि दोष पुष्कळदा त्याहून कितीतरी स्वस्त अशा केबलमध्ये असतो. आधी एकच गोष्ट बारकाईने बघा: स्क्रीन नेमकी कधी जाते?

झाकण पुढे-मागे करताना जात असेल तर पहिला संशय केबलवर. मदरबोर्डकडून स्क्रीनकडे जाणारी ही केबल बिजागरीजवळून जाते. चित्राचा सिग्नल आणि बॅकलाइटची वीज, दोन्ही तिच्यातूनच वर जातात. रोज झाकण उघडता-मिटताना ती एकाच जागी वाकते आणि चार्जरची वायर पिनेपाशी तुटते तशी आतून तुटू लागते. ठरावीक कोनात टोकं जुळतात तोवर चित्र दिसतं. झाकण बोटभर मागे रेललं की अंधार. २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये हेच झालं. झाकण उघडताना केबल ताणली जायची. आधी स्क्रीनच्या खालच्या कडेला उजेडाचे झोत दिसायचे आणि पुढे बॅकलाइटच बंद पडायचा. २०१८ च्या मॉडेलमध्ये केबल जेमतेम २ मिलिमीटर लांब झाली. मे २०१९ मध्ये अ‍ॅपलने २०१६ च्या १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली.

स्क्रीन काळी पडली की खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिच्यावर तिरपा धरा. आयकॉन पुसटसे दिसले, तर चित्र पोचतंय, फक्त बॅकलाइट लागत नाही. (ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइटच नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही.) काहीच दिसलं नाही तर एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवरही चित्र बिघडत असेल, तर दोष ग्राफिक्स, रॅम किंवा ड्रायव्हरकडे शोधावा लागेल. टीव्हीवर ठणठणीत असेल, तर बहुधा केबल किंवा पॅनेल.

विंडोज सुरू होण्याआधी बायोसमध्ये जाऊन झाकण हलवून बघणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. तिथेही लुकलुकलं तर विंडोजचा काही संबंध नाही. तिथे स्थिर आणि विंडोजमध्येच त्रास असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागलं नाही तर ड्रायव्हर अपडेट करा.

एक कारण सहसा कुणाला सुचत नाही. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला बहुधा चुंबकावरून कळतं. त्यामुळे चुंबकाचं मोबाइल कव्हर किंवा ब्रेसलेट कीबोर्डच्या कडेला आलं, किंवा एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला, तरी झाकण मिटल्याचं समजून तो स्क्रीन बंद करतो.

लॅपटॉप स्वतः उघडणार असाल तर चार्जर काढा आणि आतला बॅटरीचा कनेक्टर सोडवल्याशिवाय डिस्प्ले केबलला हात लावू नका. तिच्यात बॅकलाइटची वीज असते. पिना एकमेकींना टेकल्या तर मदरबोर्डवरचा फ्यूज उडतो आणि खर्च वाढतो. दुकानात देणार असाल तर स्क्रीन जात असतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या. आधी केबल काढून पुन्हा घट्ट बसवून बघायला सांगा, आणि पैसे देण्यापूर्वी त्यांच्यासमोरच झाकण सगळ्या कोनांत हलवून बघा.