सावली प्राण्याची, चिंता शेतकऱ्याची

दरवर्षी 2 फेब्रुवारीच्या पहाटे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पंक्ससटॉनी या छोट्या गावाबाहेर हजारो लोक जमतात. ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी बाहेर काढला जातो. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे टिकणार, नाही दिसली तर वसंत लवकर येणार, असे उंच टोपीवाले मानकरी जाहीर करतात. 1887 साली या डोंगरावर हा सोहळा सुरू झाला.

पुढारलेल्या देशाची अंधश्रद्धा म्हणून यावर हसणे सोपे आहे. आम्ही विचारतो, ही समजूत कोणाच्या गरजेतून जन्मली?

हिवाळ्यातला सर्वात लहान दिवस आणि वसंतातला समान दिवसरात्रीचा दिवस यांच्या साधारण मध्यावर ही तारीख येते. युरोपातल्या शेतकऱ्याला या दिवशी एकच चिंता असे. वैरण आणि जळण निम्मे तरी शिल्लक आहे काय? हिशेब चुकला तर गुरे उपाशी मरत. चर्चने याच दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याचा कॅन्डलमास सण पाळला. त्या दिवशी ऊन पडले तर थंडी लांबते, हा लोकांचा आडाखा त्या सणाला चिकटला. जर्मन मुलखात ऊन की ढग, याची साक्ष बिळातला बॅजर देऊ लागला. तिथले कष्टकरी पेनसिल्व्हेनियात वसले, तेव्हा बॅजरची जागा ग्राउंडहॉगने घेतली.

आडाख्यामागे निरीक्षण होते. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की रात्री जमिनीची उष्णता निघून जाते आणि थंडी कडाडते. पण ही एका रात्रीची गोष्ट झाली. त्यावरून सहा आठवड्यांचे भाकीत निघत नाही. अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेने अलीकडच्या वर्षांचा पडताळा घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक भाकिते चुकलेली निघाली.

आपल्याकडेही ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात. होळी चंद्राच्या तिथीने येते, कधी मार्चच्या आरंभी तर कधी अखेरीस. थंडी काय पंचांग पाहून निघते?

कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठेवलेले ज्ञान आम्ही तुच्छ मानत नाही. पण निरीक्षणाला मानकरी मिळाले आणि पडताळा थांबला, की त्याचा विधी होतो. पंक्ससटॉनीत जमणाऱ्यांचे त्यात काही बिघडत नाही. त्यांची ती जत्रा आहे. ज्याचे पोट हवामानावर चालते, त्याला मात्र तपासलेला अंदाज वेळेवर आणि त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे. वैरण किती उरली, हे सावली सांगत नाही. कोठार उघडूनच पाहावे लागते.