सूचना आणि संधी : जुन्नर-आंबेगाव परिसरातील राज्यशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पदवी स्तरावर राज्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी युवा संसद, अधिछात्रवृत्ती, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्ती, राष्ट्रीय सेवा योजना अशा अनेक संधींच्या सूचना महाविद्यालयांत प्रसिद्ध होतात. मात्र सूचना प्रसिद्ध होणे आणि संधी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात या दोहोंमधील अंतराचे स्वरूप स्पष्ट केले आहे. तसेच ज्या संधींची सूचना कोणीच काढत नाही, त्या स्थानिक संधींकडे लक्ष वेधून राज्यशास्त्र विभागाने करावयाच्या कार्याची दिशा सुचविली आहे.

बीजशब्द : राज्यशास्त्र, पदवी शिक्षण, सूचनाफलक, ग्रामसभा, पेसा, क्षेत्र प्रकल्प.

१. प्रस्तावना

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके. दोन्ही तालुक्यांची रचना सारखी आहे. पूर्वेस पुणे-नाशिक महामार्गालगत नारायणगाव, मंचर यांसारख्या बाजारपेठा आणि बागायती गावे आहेत. तर पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यालगत महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्यावस्त्या आहेत. या पश्चिम पट्ट्यातील गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात. जुन्नरचे श्री शिव छत्रपती महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आणि घोडेगावचे बी. डी. काळे महाविद्यालय ही या परिसरातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये होत. अशा महाविद्यालयांच्या वर्गात महामार्गालगतचा विद्यार्थी आणि घाटमाथ्यावरील विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. सूचनाफलकही दोघांना एकच असतो. परंतु त्या फलकावरील सूचना दोघांच्या बाबतीत एकसारखी फलद्रूप होत नाही. हे असे का होते, याचा विचार अध्यापकांनी करणे अगत्याचे आहे.

२. एका वाक्याचे विश्लेषण

आपल्या महाविद्यालयांतील बहुतेक सूचनांचा शेवट एका ठरावीक वाक्याने होतो : ‘पात्र व इच्छुक विद्यार्थ्यांनी विहित मुदतीत अर्ज सादर करावेत.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष व प्रशासकीयदृष्ट्या पुरेसे आहे. परंतु त्यातील प्रत्येक शब्द विद्यार्थ्याने काही गोष्टी आधीच जाणल्या आहेत असे गृहीत धरतो. म्हणून त्यातील चार शब्दांचा क्रमाने विचार करू.

२.१ पात्र

पात्रता ही दोन प्रकारची असते. काही संधींसाठी विद्यार्थी आजच पात्र असतो. उदाहरणार्थ, केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय युवा संसद महोत्सवासाठी १८ ते २५ हा वयोगट ठरविण्यात आला. म्हणजे पदवीचा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी त्यात बसतो. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे कार्य व ७ दिवसांचे विशेष शिबिर असते. तेथेही वेगळी पात्रता लागत नाही.

दुसऱ्या प्रकारची पात्रता मात्र घडवावी लागते. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिप कार्यक्रमासाठी पदवीला ६० टक्के गुण, २१ ते २६ वर्षे वय आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव अशा अटी ठेवण्यात आल्या आहेत. खासदारांना संशोधन साहाय्य देणाऱ्या ‘लॅम्प’ अधिछात्रवृत्तीसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. परंतु वयाची मर्यादा २५ वर्षांची आहे आणि निवडीत लेखन व विश्लेषण यांना महत्त्व असते. या संधींची सूचना तृतीय वर्षाच्या अखेरीस वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ६० टक्क्यांची अट मागे जाऊन पूर्ण करता येत नाही. म्हणून अशी सूचना प्रथम वर्षाच्या वर्गात, ‘अर्ज करा’ म्हणून नव्हे तर ‘तयारीस लागा’ म्हणून वाचली गेली पाहिजे.

२.२ इच्छुक

इच्छा ही माहितीनंतर निर्माण होते. ज्याच्या घरात, गावात वा नात्यात कोणी अधिछात्रवृत्ती मिळविलेली नाही, त्याला त्या शब्दाने कोणतेही चित्र दिसत नाही. परिसरातील विद्यार्थ्यांना राज्यशास्त्राचा एकच उपयोग सर्वसाधारणपणे ठाऊक असतो, तो म्हणजे स्पर्धा परीक्षा. हा उपयोग खरा आहे. आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केल्यामुळे सलग व साधार लेखन करू शकणाऱ्या विद्यार्थ्याचे महत्त्व वाढले आहे. परंतु पदव्युत्तर शिक्षण, विधी शिक्षण, धोरण संशोधन, पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था व सहकारी संस्थांतील कार्य हीही या विषयाचीच क्षेत्रे आहेत. ‘इच्छुक’ विद्यार्थी पुढे आले नाहीत, अशी नोंद करण्यापूर्वी त्यांची इच्छा जागृत होईल असे काही आपण केले होते काय, हे पाहिले पाहिजे.

२.३ विहित मुदत

मुदत ही सर्वांसाठी एकाच दिवशी संपते, मात्र ती सर्वांसाठी एकाच दिवशी सुरू होत नाही. केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. अलीकडच्या वर्षांत तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरावे लागले आहेत, म्हणजे तृतीय वर्षाचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी. निकालानंतर पुढचा विचार करू, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष तेथेच वाया जाते.

याखेरीज दाखल्यांचा कालावधी असतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र यांपैकी एकही कागद एका दिवसात मिळत नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पालकांच्या २.५ लाख रुपये वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. दोन्हींसाठी कागदपत्रे लागतात. घाटमाथ्यावरील विद्यार्थ्याला तहसील कार्यालयातील एका फेरीसाठी एक दिवसाची हजेरी, आणि बरेचदा पालकांची एक दिवसाची मजुरी, खर्ची घालावी लागते. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असली तरी गावाला दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतील तर सवलतीने वेळेचा प्रश्न सुटत नाही. पंधरा दिवसांची मुदत महामार्गालगतच्या विद्यार्थ्याला पुरेशी असते. मुक्कामी गाडीवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती त्यातले प्रत्यक्षात तीन-चार दिवसच उरतात.

२.४ अर्ज

अर्ज आता बहुतांशी ऑनलाइन असतात आणि त्यांची भाषा पुष्कळदा इंग्रजी असते. हेतूकथन, शिफारसपत्र, संशोधन प्रस्ताव हे प्रकार मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने पूर्वी पाहिलेले नसतात. येथे उणीव बुद्धीची नसून नमुन्याची असते. पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन अर्ज त्यांच्या संमतीने, वैयक्तिक तपशील वगळून, विभागात वाचावयास ठेवले तरी ही उणीव बऱ्याच अंशी दूर होऊ शकते.

३. ज्यांची सूचना निघत नाही अशा संधी

आतापर्यंत बाहेरून येणाऱ्या सूचनांचा विचार केला. मात्र राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी संधी त्याच्या स्वतःच्या गावात असते आणि तिची सूचना महाविद्यालयाच्या फलकावर लागत नाही.

मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. म्हणजेच ज्या विद्यार्थ्याला आपण युवा संसदेत खासदाराची भूमिका करावयास सांगतो, तो वयाच्या १८ व्या वर्षापासून एका खऱ्या सभेचा खरा सदस्य असतो. आणि २१ व्या वर्षी तो ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकतो. २०२२ पासून मतदार नोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा झाल्या आहेत आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्यास आगाऊ अर्ज करता येतो. त्यामुळे प्रथम वर्षातच संपूर्ण वर्गाची नोंदणी पूर्ण करणे शक्य आहे.

महाविद्यालयीन जीवनात प्रत्यक्ष निवडणुकीचा अनुभव आपल्या विद्यार्थ्यांना मिळालेला नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याखाली विद्यार्थी परिषदेत गुणवत्तेनुसार प्रतिनिधी घेतले जात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निवडणुकीची तरतूद केली. परंतु २०१९ मध्ये त्या घेण्याची तयारी होऊनही त्या पुढे ढकलण्यात आल्या. अशा स्थितीत ग्रामसभेचे महत्त्व अधिकच वाढते.

पश्चिम पट्ट्यातील ग्रामसभेला तर विशेष अधिकार आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस स्थानिक साधनसंपत्ती, गौण वनोपज आणि विकास योजना यांबाबत अधिकार दिले. त्यासंबंधीचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. त्यांनुसार पाडा किंवा वस्तीलाही स्वतंत्र ग्रामसभा म्हणून मान्यता मिळविता येते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याची योजना आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दाव्यांची प्रक्रिया ग्रामसभेपासूनच सुरू होते आणि तिच्या वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य असतात. या समितीला इतिवृत्त लिहिणारा, नकाशा वाचणारा, नियम समजावून सांगणारा माणूस हवा असतो. विकेंद्रीकरणाचा जो घटक आपण वर्गात शिकवितो, त्याची प्रयोगशाळा विद्यार्थ्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. येथे घाटमाथ्यावरील विद्यार्थी मागे नसून पुढे आहे. महामार्गालगतच्या सहाध्यायाला जे पुस्तकात वाचावे लागते, ते त्याच्या अंगणात घडते.

अभ्यासविषयांचीही येथे वाण नाही. घोडेगाव येथे आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. तेथील विस्थापितांचे पुनर्वसन आणि जलाशयातील मासेमारीसाठी आदिवासींनी उभारलेली सहकारी संस्था हा राज्यसंस्था व नागरिक यांच्या संबंधांचा जिवंत अध्याय आहे. ३० जुलै २०१४ च्या माळीण दुर्घटनेनंतरचे पुनर्वसन हा आपत्ती प्रशासनाचा विषय आहे. भीमाशंकर अभयारण्य आणि भोवतालच्या गावांचे हक्क, विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांचे राजकारण, बिबट्या-मानव संघर्षातील प्रशासनाची भूमिका हेही विषय आहेत. माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्कात मागितलेली माहिती सर्वसाधारणपणे ३० दिवसांत मिळणे अपेक्षित असल्याने साधनसामग्रीही आवाक्यात आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या अभ्यासक्रम आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग प्रकल्प आणि ज्यास सर्वत्र ‘ओजेटी’ म्हटले जाते ते कार्यस्थळावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. ४ श्रेयांकांच्या प्रशिक्षणात सुमारे १२० तास काम अपेक्षित असते. विज्ञान व वाणिज्य शाखांना कंपन्या आणि बँका सापडतात. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने जावे कोठे, असा प्रश्न अनेक विभागांना पडतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, प्रकल्प कार्यालय, वनहक्क समिती व सहकारी संस्था हे त्याचे उत्तर होय. हे १२० तास केवळ प्रमाणपत्रावर भरले गेले, तर नव्या आराखड्याने दिलेली सर्वांत मौल्यवान संधी आपण आपल्याच हाताने घालविली असे होईल.

४. विभागाने करावयाचे कार्य

उपर्युक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) प्रत्येक संधीची सूचना मराठीत, एका पानात, पुढील पाच प्रश्नांच्या उत्तरांसह द्यावी : कोणासाठी, काय मिळेल, कोणते कागद लागतील व ते कोठे मिळतील, महाविद्यालयातील मदत कोणाकडे, आणि आज काय करावे.

२) महाविद्यालयाची अंतर्गत मुदत मूळ मुदतीच्या किमान दहा दिवस आधीची ठेवावी, म्हणजे राहिलेल्या कागदासाठी एक फेरी मारता येईल.

३) जून-जुलैमध्येच संपूर्ण वर्षाचे संधी-वेळापत्रक वर्गनिहाय तयार करावे. प्रथम वर्षासाठी मतदार नोंदणी, दाखले व राष्ट्रीय सेवा योजना. द्वितीय वर्षासाठी युवा संसद व क्षेत्र प्रकल्प. तृतीय वर्षासाठी प्रवेश परीक्षा, प्रशिक्षण व अधिछात्रवृत्ती, अशी विभागणी सोयीची ठरेल.

४) केवळ मोबाइलवरील गटावर विसंबू नये. डोंगरी गावांत संदेश उशिरा पोहोचतो. तासाच्या आरंभी दोन मिनिटे सूचना वाचून तिचा अर्थ सांगणे हा आजही सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

५) स्थानिक संधींची सूचना विभागाने स्वतः काढावी. तिचा नमुना असा असू शकेल :

‘२ ऑक्टोबर रोजी आपापल्या गावच्या ग्रामसभेस सर्व विद्यार्थ्यांनी सदस्य या नात्याने उपस्थित राहावे. नाव मतदारयादीत नसल्यास निरीक्षक म्हणून बसण्याची परवानगी सरपंचांकडून आधी घ्यावी. उपस्थिती किती, महिला किती, कोणते विषय आले, कोण बोलले, कोणता ठराव झाला, याची दोन पाने नोंद करावी. पुढील आठवड्यात वर्गात वाचन होईल. उत्तम नोंदींचे पुढे क्षेत्र प्रकल्पात रूपांतर करता येईल.’

या सूचनेस निधी लागत नाही, प्रवास लागत नाही आणि तिच्यासाठी कोणीही अपात्र ठरत नाही. एकाच दिवशी वीस-पंचवीस गावांच्या ग्रामसभांची नोंद वर्गात जमा झाली, तर ती कोणत्याही क्रमिक पुस्तकात न मिळणारी अभ्याससामग्री होईल.

५. समारोप

सूचना फलकावर लावली म्हणजे महाविद्यालयाचे कर्तव्य संपले, ही समजूत सोयीची असली तरी ती न्याय्य नाही. ज्याच्याजवळ माहिती, वेळ आणि दाखले आधीच आहेत, त्यालाच अशा सूचनेचा लाभ होतो आणि विषमतेत भर पडते. राज्यशास्त्राचा अध्यापक वर्गात समान संधीचे तत्त्व शिकवितो; घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाचे विवेचन करतो. औपचारिक समानता व प्रत्यक्ष समानता यांतील भेद तो फळ्यावर लिहितो. तोच भेद बाहेर सूचनाफलकावर रोज घडत असतो. सूचनेचे संधीत रूपांतर करणे हे कारकुनी काम समजले जाते. वस्तुतः ते या विषयाच्या अध्यापनाचेच अंग आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या विभागीय बैठकीत या कामाची वाटणी वेळापत्रकाबरोबरच झाली, तर घाटमाथ्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ‘पात्र व इच्छुक’ या शब्दांत आपले नाव वाचता येईल.