मोबाईलच्या पडद्यावरील मराठी ईमेल

एथन मार्कोट यांनी 2010 मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह' ही संज्ञा संकेतस्थळांच्या रचनेस लावली. पडदा रुंद असो वा अरुंद, मांडणीने त्याच्या मापास जुळवून घ्यावे, हा तिचा आशय होय. ईमेलच्या बाबतीत हे तत्त्व राबविणे कठीण. कारण पत्र कोणत्या प्रणालीत उघडले जाईल, हे धाडणाऱ्याच्या हाती नसते. पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारे 'मीडिया क्वेरी' हे सीएसएसमधील साधन जीमेलने 2016 मध्ये स्वीकारले. विंडोजवरील जुने आउटलुक मात्र 2007 च्या आवृत्तीपासून वर्डच्या यंत्रणेने पत्र रेखाटते आणि त्या साधनास जुमानीत नाही. यास्तव रुंदी टक्क्यांत देऊन, 600 पिक्सेलांच्या मर्यादेत कोष्टके मांडण्याचा प्रघात पडला.

हे संकेत रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनले, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून लिहितात. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा आपला एकच शब्द. इंग्रजीत त्याचे चार सुटे शब्द होतील. 320 पिक्सेलांच्या पडद्यावर असे दोन शब्द आले की ओळ जवळजवळ भरते. तेथे दोन्ही कडा जुळविण्याचा हट्ट धरल्यास ओळीत खिंडारे पडतात. उजवी कड मोकळी सोडणेच इष्ट. मथळ्यातील अक्षरे विरळ करण्याची रोमन हौस तर देवनागरीस घातकच, कारण तीत शिरोरेषा तुटते. वर रफार व अनुस्वार, खाली उकार असल्यामुळे ओळींमधील अंतरही अधिक हवे.

तथापि खरी अडचण दिसत नाही, ती भाराची. यूटीएफ-8 पद्धतीत साध्या रोमन अक्षरास 1 बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास 3. 'स्त्री' हे डोळ्यांना एक अक्षर. संगणकात मात्र स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार अशी 6 चिन्हे, म्हणजे 18 बाइट. संपादन-साधनाने प्रत्येक चिन्हाचे अंकी संकेतात रूपांतर केले, तर चिन्हामागे 7 बाइट होऊन तोच शब्द 42 बाइटांवर जातो. जीमेल सुमारे 102 किलोबाइटांपुढील मजकूर झाकून ठेवते. वास्तविक पत्राचा पुष्कळसा भार कोष्टकांच्या चिन्हांकनाचाच असतो. परंतु त्यात हा तिप्पट भार मिळाला की दीर्घ मराठी वार्तापत्र इंग्रजी पत्राच्या आधी मर्यादा ओलांडते. झाकला जातो तो शेवट, आणि अर्जाची अंतिम तारीख बहुधा शेवटीच लिहिलेली असते. तेव्हा मजकूर अंकी संकेतांत न बदलता सरळ यूटीएफ-8 मध्ये ठेवावा, निरर्थक चिन्हांकन काढून टाकावे आणि तारीख पहिल्याच परिच्छेदात द्यावी.