वाऱ्यावर सोडलेली हनुवटी

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर, स्टोनब्रिजला, बाइकस्वारांचा एस कॅफे आहे. १९३८ साली सुरू झाला, महायुद्धात बॉम्ब पडून कोसळला, १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला. १९६९ला बंद पडला आणि २००१ मध्ये नव्याने उघडला. डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ इथून लांब नाही. मंडळात गणपतीला आलेल्या बाइकवेड्या माणसाने वाट वाकडी करून इथे एक चक्कर मारावीच. कॅफेच्या आवारात ओपन फेस, म्हणजे चेहरा उघडा ठेवणारी, हेल्मेट अजूनही हौसेने मिरवली जातात.

ओपन फेस घालून चालवण्यातलं सुख खरं आहे. डॉर्सेटमधल्या अरुंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंना झुडपांच्या उंच भिंती असतात. नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, मधेच गोठ्याचा वास, पुढे कुठेतरी पाऊस पडून गेल्याचा ओलसर गारवा, सगळं थेट चेहऱ्यावर येतं. चष्मा काढावा लागत नाही. सिग्नलला शेजारच्या स्वाराशी दोन शब्द बोलता येतात. बंद काचेवर श्वासाची वाफ धरते, तो त्रास इथे नाही.

याच डॉर्सेटमध्ये, क्लाउड्स हिलजवळ, १३ मे १९३५ रोजी लेखक-सैनिक टी. ई. लॉरेन्सची ब्रफ सुपीरियर मोटरसायकल सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना उलटली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले मृत्युमुखी पडले, हे त्यांनी १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना फक्त सात आढळले, आणि सातही जण वाचले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून लष्करी मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. सर्वसामान्यांवर सक्ती यायला १ जून १९७३ उजाडला. पगडीधारी शिखांना १९७६ मध्ये सूट मिळाली.

केर्न्स यांच्या काळातलं हेल्मेट कवटी झाकत होतं, चेहरा नाही. ओपन फेस आज कानापर्यंत उतरलं असलं, तरी हनुवटी उघडीच ठेवतं. जर्मनीत संशोधक डिएटमार ऑटे यांनी अपघातातल्या हेल्मेटवर नेमका मार कुठे बसला, याच्या नोंदी तपासल्या. सुमारे ३५ टक्के मार हनुवटीच्या भागावर होता. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. जबडा मोडला की खाणं-बोलणं कित्येक आठवडे अडतं, आणि तो धक्का कवटीच्या तळापर्यंत पोहोचू शकतो.

ब्रिटनचा पाऊस वेगळाच. ताशी साठ मैलांच्या वेगात थेंब सुयांसारखे टोचतात, किडे गालावर आपटतात, हिवाळ्यात हनुवटी बधिर होते. वाऱ्याच्या आवाजात इंजिन ऐकू येत नाही. कानात बोळे घालावेतच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गावाकडच्या रस्त्यावर, कोरड्या दिवशी, बेताच्या वेगात ओपन फेस जरूर घालावं, सोबत चांगला गॉगल घ्यावा. मोटरवेवर हनुवटी झाकणारं फुल फेसच. खरेदी करताना पट्ट्यावर शिवलेलं ईसीई या सुरक्षा मानकाचं लेबल वाचावं. ‘जे’ म्हणजे हनुवटी उघडी, ‘पी’ म्हणजे तिला संरक्षण. ‘एनपी’ लिहिलेलं असेल तर पुढचा भाग नुसता वारा अडवतो, मार अडवत नाही.